‘हलकं’ खाल्लेल्या काकू : कोलोनोस्कोपीच्या तयारीचं एक प्रकरण

मोठं आतडं तपासायची दुर्बीण वीस-बावीस सेंटिमीटर आत गेली आणि पडद्यावर शेंगदाण्याचा अर्धा दाणा आला. पुढे राजगिरा आणि रताळ्याच्या सालीचा तुकडा दिसला. डॉक्टरांनी पाणी मारलं, सक्शन सुरू केलं. दुर्बिणीतली ओढून घेणारी नळी जेमतेम साडेतीन-पावणेचार मिलिमीटर रुंद असते. ती तुंबली. मी साफ करून दिली, पाच मिनिटांत पुन्हा तुंबली. आडव्या आतड्याच्या मध्यापर्यंत पोचून डॉक्टर थांबले. ज्या उजव्या बाजूसाठी हा सगळा खटाटोप होता, ती काळ्या चिकट थराखाली होती.

फाईलमध्ये नोंद करायची वेळ आली. अशा वेळी आमच्याकडे एक ठरलेलं वाक्य लिहिलं जायचं : ‘रुग्णाने सूचना पाळल्या नाहीत.’ मीही ते किती वेळा लिहिलं असेल. या वेळी लिहायच्या आधी काकूंना जाग आली आणि पहिलाच प्रश्न आला, “झालं का सिस्टर? समदं कागदावर लिवल्यापरमानं केलंय बघा मी.” त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणून हे प्रकरण लिहिते आहे. मी एंडोस्कोपी विभागात काम करणारी परिचारिका आहे. काकूंची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

काकू बासष्ट वर्षांच्या, कोल्हापूर भागातल्या, शहरापासून पंचावन्न किलोमीटरवरच्या गावातल्या. मधुमेह, रक्तदाब, दुखरे गुडघे. धाप लागते म्हणून तपासलं तर हिमोग्लोबिन 8.2 निघालं. पाळी थांबून बारा-तेरा वर्षं झालेल्या बाईत लोह कमी पडून हिमोग्लोबिन इतकं उतरलं असेल तर रक्त पोटातून जातंय का, हे बघावंच लागतं. जठराची दुर्बीण तपासणी करून झाली, तिथे काही सापडलं नव्हतं. त्यामुळे कोलोनोस्कोपी, आणि त्यातही आतड्याच्या उजव्या बाजूवर विशेष लक्ष, कारण तिथला रक्तस्राव बरेचदा डोळ्याला दिसत नाही, फक्त हिमोग्लोबिन उतरत जातं.

चहाबिस्किटं दिल्यावर मी त्यांच्याजवळ बसले आणि आदल्या दोन दिवसांत काय काय खाल्लं-प्यायलं ते विचारलं. विचारणं म्हणजे चौकशी वाटू नये एवढी काळजी घेतली, कारण त्या आधीच ओशाळल्या होत्या.

आमच्या कागदावर लिहिलं होतं, ‘आदल्या दिवशी हलका आहार घ्यावा.’ आदल्या दिवशी एकादशी होती. काकूंना वाटलं, देवच पावला, उपवासापेक्षा हलकं काय असणार? सकाळी साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट घालून. दुपारी उकडलेली रताळी आणि राजगिऱ्याचा लाडू. कागदात पुढे होतं, ‘संध्याकाळपासून फक्त स्वच्छ द्रव पदार्थ.’ त्यांनी घरच्या म्हशीचं दूध गाळून, उकळून घेतलं. “दूध स्वच्छच की वो!” रात्री कोरड पडली म्हणून आमसुलाचं सरबत. रोज झोपताना इसबगोल घ्यायची सवय, तेही घेतलं, कारण पोट साफ व्हायला मदतच होईल. आणि लोहाच्या गोळ्या चालूच होत्या. त्या बंद करा असं कुणी सांगितलंच नव्हतं.

यातली एकही गोष्ट काकूंच्या निष्काळजीपणातून झालेली नाही. शेंगदाणा, राजगिरा, रताळ्याची साल यांचा चोथा आणि दाणे आतड्यात तसेच राहतात. इसबगोल पाणी धरून फुगतं आणि मळाचा गोळा वाढवतं. दूध पोटात गेल्यावर निवळ राहत नाही. आमसुलाचा लाल रंग आतड्याच्या भिंतीवर रक्तासारखा दिसू शकतो. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा, डांबरासारखा चिकट होतो, तो पाण्याच्या फवाऱ्यानेही सुटत नाही. आमचा कागद इंग्रजी कागदावरून उतरवलेला होता. मूळ ‘क्लिअर’ या शब्दाचा अर्थ आरपार दिसणारं, निवळ. कुणीतरी त्याचं ‘स्वच्छ’ केलं आणि वर्षानुवर्षं ते तसंच छापत राहिलो.

आता पोट साफ करायच्या औषधाबद्दल. पाकिटातली पूड दोन लिटर पाण्यात कालवून संध्याकाळी सहा ते आठ संपवायची होती. काकूंनी कसंबसं सव्वा लिटर घेतलं. “वास आला की घशाखाली उतरंना झालं,” त्या म्हणाल्या. सातव्या पेल्यानंतर उलटी झाली, त्यात किती बाहेर पडलं कोण मोजणार? उरलेलं त्यांनी मोरीत ओतलं आणि ते सांगताना खाली बघितलं. संडास अंगणापलीकडे, पावसाचे दिवस, गुडघे धरलेले, रात्री अकरापर्यंत आठ-नऊ खेपा. सुनेला उठवायचं नको म्हणून कंदिलासारखा मोबाईल धरून एकट्याच जात होत्या. सकाळी सातची एसटी. वाटेत लागली तर काय, या धास्तीने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नाही. तपासणी बाराला होती, म्हणजे औषधाचा शेवटचा घोट आणि दुर्बीण यांत सोळा तास गेले.

हे सोळा तास फार महत्त्वाचे. आतडं एकदा धुतलं की ते धुतलेलं राहत नाही. लहान आतड्यातून पित्त आणि श्लेष्मा सतत खाली उतरत असतो आणि तो पहिल्यांदा पडतो तो उजव्या बाजूवर. रात्री निवळ झालेलं आतडं सकाळपर्यंत तिथे पिवळट, चिकट साय धरतं. त्या सायीखाली चपट्या गाठी दडतात. म्हणूनच अर्धं औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धं तपासणीच्या दिवशी सकाळी, ही पद्धत आली. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेने 2019च्या मार्गदर्शक सूचनांत दुसरा हप्ता तपासणीच्या पाच तासांच्या आत सुरू करून किमान दोन तास आधी संपवायला सांगितलं आहे. रुग्णालाही हे सोपं जातं, एका बैठकीत दोन लिटरऐवजी एकेक लिटर. आमच्याकडे सकाळच्या रुग्णांना हे सांगायचो, पण ‘बाहेरगावचे’ असतील तर सगळं आदल्या रात्रीच द्यायचो. त्यांचा प्रवास सोपा व्हावा हा हेतू होता. तपासणी मात्र वाया जात होती.

काकूंना तीन आठवड्यांनी पुन्हा यायचं होतं. त्यांचा पुतण्या सोबत होता. त्याने विचारलं, “ती छोटी बाटली मिळते ना, दोन घोटांत काम होतं, ती द्या की.” तो सोडियम फॉस्फेटबद्दल बोलत होता. मोह समजण्यासारखा आहे. पण फॉस्फेट मूत्रपिंडात साचून कायमची इजा करू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये त्यावर ठळक इशारा छापायला लावला. वय, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या हे तिन्ही काकूंच्या विरोधात जात होते. डॉक्टरांनी सरळ नाही म्हटलं.

राहिलं पॉलिइथिलीन ग्लायकॉल, आमच्या भाषेत पेग. याची गंमत मला नेहमी सांगावीशी वाटते, कारण ते का कामाचं आहे हे कळलं की रुग्ण वेगळ्या मनाने पेला उचलतो. जुन्या काळी एरंडेल, दोन-तीन दिवस पेज आणि वर एनिमा असा प्रकार असे. 1980 मध्ये अमेरिकेत जॉन फोर्डट्रान यांच्या गटाने असं द्रावण तयार केलं की ते शरीरात जवळजवळ शोषलं जात नाही आणि शरीरातलं पाणीही ओढून घेत नाही. नळाचं पाणी पाइपमधून जावं तसं ते तोंडातून गुदापर्यंत वाहत जातं आणि वाटेतलं सगळं घेऊन जातं. म्हणून थकलेल्या मूत्रपिंडालाही ते त्या मानाने झेपतं. त्यासाठी क्षारांचं प्रमाण जुळवावं लागलं, सोडियम सल्फेट घालावं लागलं, आणि चव बिघडली ती त्याचमुळे. सुरुवातीला चार लिटर प्यावं लागे. आता दोन लिटरवर पुष्कळ जणांचं भागतं, पण वरून साधं निवळ पेय भरपूर लागतं, कारण पेग आतडं धुतं, तहान भागवत नाही.

काकूंसाठी योजना करायला मला पाऊण तास लागला. रोज तीस-पस्तीस रुग्ण असतात, प्रत्येकाला पाऊण तास देणं शक्य नाही, हे मान्य आहे. पण फुकट गेलेली एक तपासणी दीड तास खाते आणि रुग्णाला दुसऱ्यांदा तोच त्रास देते.

सगळ्यात आधी मुक्काम. काकूंची भाची शहरातच राहते, दोन खोल्यांच्या घरात, चार माणसं, संडास एक, पण घरातला आणि कमोडचा. काकू संकोचल्या, “लोकाच्या घरात रातभर संडासात जायाचं?” मी भाचीला फोन लावला. ती म्हणाली, “मावशी, आम्ही सकाळी साडेपाचला आवरून घेतो, मग संडास तुझाच.” या एका वाक्याने जेवढं काम झालं तेवढं कुठल्याही गोळीने झालं नसतं. एसटी, अंगण, अंधार हे तिन्ही प्रश्न सुटले आणि सकाळचा हप्ता शक्य झाला.

औषधं डॉक्टरांनी लिहून दिली. लोह आणि इसबगोल सात दिवस आधी बंद. काकूंना एरवी तिसऱ्या दिवशी शौचाला होत असे, म्हणून आधीचे चार दिवस रात्री सौम्य रेचक आणि आदल्या दिवशी बिसाकोडिल ही रेचकाचीच गोळी. मधुमेहासाठी त्या डापाग्लिफ्लोझिन घेत होत्या. उपाशी माणसात ते साखर न वाढताही रक्त आम्लधर्मी करू शकतं, म्हणून तीन दिवस आधी थांबवलं. मधुमेहाचीच दुसरी गोळी, ग्लिमेपिराइड, निवळ पेयांच्या दिवशी नाही. मधुमेही माणसाने या बाबतीत स्वतःच्या मनाने काही करू नये, आपल्या डॉक्टरांनाच विचारावं. रक्तदाबाची सकाळची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालू ठेवली.

मग जेवण. साध्या रुग्णाला एकच दिवस पथ्य पुरतं, आधीच्या तीन-तीन दिवसांच्या उपासमारीची गरज नसते. काकूंची एक तपासणी बिघडलेली आणि बद्धकोष्ठ, म्हणून तीन दिवस घेतले. मी ‘हलकं’ हा शब्दच वापरला नाही. विचारलं, घरात काय शिजतं? ज्वारीची भाकरी, मेथी, शेंगदाण्याची चटणी, मटकीची उसळ. हे सगळं एरवी उत्तम, या तीन दिवसांत नको. पांढरा भात, सालीशिवायच्या मुगाच्या डाळीचं वरण, इडली, दही, अंडं, मासा, बिनसालीचा उकडलेला बटाटा चालेल. तेव्हा त्यांनी एक प्रश्न विचारला जो इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात आला नव्हता : “फोडणीचं काय?” मोहरी, जिरं, कढीपत्ता! वरण चालतं म्हणून सांगायचो आणि मोहरीचे दाणे दुर्बिणीत आमच्याच समोर यायचे. ठरलं, तुपात हिंग-हळद, बाकी काही नाही.

आदल्या दिवशी दुपारनंतर फक्त निवळ. त्याची खूण त्यांना अशी दिली : काचेच्या पेल्यात ओता, मागे वर्तमानपत्र धरा, अक्षरं वाचता आली तर प्या. शहाळ्याचं पाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, पेजेवरचं निवळ पाणी. आमसूल, बीट, लाल-जांभळी सरबतं नकोत. काकूंचा चेहरा उतरला. गोड पिऊन पिऊन जीव विटतो, हे मला माहीत आहे. मी विचारलं, “अळणी चालतं का तुम्हाला?” आमच्या भागात मटण शिजवताना मसाला घालण्याआधी काढलेलं पाणी म्हणजे अळणी. ते गार करून वर आलेली चरबी काढायची, फडक्यातून गाळायचं, किंचित मीठ घालून गरम प्यायचं. निवळ, खारं, पोटाला आधार देणारं. “चालतं का म्हंजे!” त्या म्हणाल्या. त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

पेल्याचं तंत्र आम्ही तिथेच साध्या पाण्यावर करून बघितलं. पूड सकाळीच कालवून फ्रिजमध्ये ठेवायची, थंड झाल्यावर वास आणि खारटपणा दोन्ही बोथटतात. बर्फासारखं गार मात्र नको, लिटरभर पोटात गेल्यावर हुडहुडी भरते. स्ट्रॉ जिभेच्या मागच्या भागावर टेकवायची, म्हणजे चवीची जागा बरीचशी चुकते. दोनशे मिलीचा पेला, दर पंधरा मिनिटांनी एक. घुटके घेत बसायचं नाही, एका दमात. लगेच लिंबाची फोड चोखायची किंवा पेपरमिंटची पांढरी गोळी. द्रावणात साखर, सरबत काही मिसळायचं नाही, त्याने क्षारांचं जमलेलं प्रमाण बिघडतं. दोन पेल्यांमध्ये खोलीतल्या खोलीत शतपावली, त्याने पोटाचा तडस कमी होतो. मळमळ उठली तर अर्धा तास थांबायचं, उरलेलं ओतून द्यायचं नाही. पहिल्या पेल्याच्या अर्धा तास आधी मळमळ रोखणारी, जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी डॉक्टरांनी दिली, आणि सकाळच्या हप्त्यासोबत सिमेथिकोन, त्यामुळे आतड्यात फेस राहत नाही आणि भिंत नीट दिसते.

एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते आणि रुग्ण लाजेने बोलत नाहीत. दहा-बारा खेपांनंतर गुदद्वाराची आग होते. पहिली शौचाची भावना यायच्या आधीच तिथे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावायचं, प्रत्येक वेळी कोमट पाण्याने धुवायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं, घासायचं नाही. आग सुरू झाल्यावर लावलं तर उपयोग निम्मा.

दुसऱ्या वेळी काय झालं ते भाचीने वहीत लिहून ठेवलं होतं, त्यावरून सांगते. संध्याकाळी सहाला पहिला पेला. तिसऱ्यानंतर मळमळ, पंचवीस मिनिटं थांबल्या, गॅलरीत उभ्या राहिल्या. पाऊण तासाने पहिली खेप. पाचवा पेला आठच्या जरा आधी संपला. उलटी नाही. साखर 96 आली, म्हणून एक पेला साखरेचं लिंबू सरबत. वर दोन वाट्या अळणी, एक शहाळं. साडेदहाला झोप, मधे दोनदा उठल्या. सकाळी साडेसहा ते पावणेआठ दुसरा लिटर. “दुसरा सोपा गेला,” काकूंचं मत. बहुतेकांचं तसंच असतं, पोट रिकामं असतं आणि काय होणार ते माहीत झालेलं असतं.

आठ-वीसला माझ्या फोनवर फोटो आला, कमोडमधल्या पाण्याचा. ही पद्धत मीच सांगितली होती. सुरुवातीला लोक बिचकतात, पण ‘साफ झालं का’ या प्रश्नाचं उत्तर शब्दांत कधीच नीट येत नाही. फिकट पिवळं, लघवीसारखं, तळ दिसणारं. मी लिहिलं, ‘उत्तम. साडेनऊपर्यंत पाणी प्या, मग काही नाही.’ भूल देणाऱ्या डॉक्टरांना दोन तास पोट रिकामं लागतं.

साडेअकराला दुर्बीण आत गेली. आतड्याच्या स्वच्छतेला आम्ही बोस्टन मापाने गुण देतो : डावा, मधला आणि उजवा असे तीन भाग, प्रत्येकी शून्य ते तीन. प्रत्येक भागाला किमान दोन हवेत. पहिल्या वेळी काकूंना उजवीकडे शून्य, एकूण तीन मिळाले होते. या वेळी डावीकडे तीन, मध्ये तीन, उजवीकडे दोन. आणि चढत्या आतड्यात, घडीच्या मागे, दोन सेंटिमीटरहून जरा मोठी चपटी गाठ, वरचा पापुद्रा सोललेला. डॉक्टरांनी खाली द्रव टोचून ती उचलली आणि तुकड्यातुकड्यांनी काढली. पडद्याकडे बघताना मला त्या काळ्या थराचीच आठवण येत होती. ही गाठ त्याही दिवशी तिथेच होती.

दहा दिवसांनी अहवाल आला : अ‍ॅडिनोमा, पुढे कर्करोग होऊ शकतो अशी गाठ, पण अजून कर्करोग नाही. तशीच राहिली असती तर काही वर्षांत काय झालं असतं, ते या विभागात काम करणाऱ्यांना सांगावं लागत नाही. तुकड्यांनी काढलेल्या मोठ्या गाठीची जागा सहा महिन्यांनी पुन्हा बघावी लागते. काकूंना हे सांगताना मी जरा घाबरले होते.

दरम्यान आम्ही कागद बदलला. ‘हलका’ आणि ‘स्वच्छ’ हे दोन शब्द काढले. उपवासाचे पदार्थ चालत नाहीत ही ओळ सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. फोडणी, आमसूल, इसबगोल, लोहाच्या गोळ्या नावानिशी. वर्तमानपत्राची खूण, शौचाच्या रंगाचे चार फोटो, विभागाचा फोन नंबर. बाहेरगावच्या माणसाला तारीख देताना आता आधी विचारतो, आदल्या रात्री शहरात कुणाकडे राहता येईल? कुणीच नसेल तर तपासणी दुपारी अडीचला ठेवतो, म्हणजे गावातच सकाळी साडेनऊपासून दुसरा हप्ता घेऊन, पोट शांत झाल्यावर, सोबत गाडी ठरवून निघता येतं. हे प्रत्येकाला जमत नाही. ज्यांच्याकडे ना शहरात माणूस ना गाडी, त्यांना आदल्या दिवशी वॉर्डात भरती करावं, असं मी वरिष्ठांना लिहून दिलं आहे. खाटांचा प्रश्न आहे, अजून मंजुरी आलेली नाही. मी पुन्हा लिहिणार आहे.

सहा महिन्यांनी काकू आल्या त्या भाचीशिवाय. भाचीच्या घराची किल्ली त्यांच्याच कमरेला होती आणि हातात पिशवी. पिशवीत स्ट्रॉ, पेपरमिंटच्या गोळ्या, खोबरेलाची बाटली, आणि आमचा तो नवा कागद, घडीवर फाटलेला. मी म्हटलं, “नवा देते की.” तर म्हणाल्या, “ह्यो शेजारच्या अण्णांनी वापरलाय, म्हणून फाटलाय. त्यास्नी बी येत्या सोमवारी बोलवलंय न्हवं तुम्ही? अळणीचं त्यास्नी मीच सांगितलंय.”